कानाखालचा चेंडू

ओजसचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये सायकलमध्ये हवा भरत होतो. तो आता जर्सी सिटीत राहतो, मॅनहॅटनमधल्या एका बँकेत काम करतो, आणि भर दुपारी सहसा फोन करत नाही.

"बाबा, कोच गेले," तो म्हणाला. "मातेओचा टेक्स्ट आला आत्ता."

मातेओ म्हणजे शाळेतल्या त्याच्या बेसबॉल टीमचा पिचर, चेंडू फेकणारा. ओजस कॅचर, त्याचा चेंडू झेलणारा. एकाच बाकावर वाढलेली ही दोन मुलं गेली कित्येक वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

"तू ठीक आहेस ना?"

"आय डोन्ट नो. रडू येत नाहीये. यायला पाहिजे का?"

 फोन ठेवल्यावर पंप हातात धरून मी तसाच उभा राहिलो. कोच लायल बार्कट या माणसाची मला चार वर्षं भीती वाटली होती. तरी चँडलर या आमच्या गावात आल्यापासून भेटलेल्या माणसांत सगळ्यांत जास्त कोण आठवतं असं कुणी विचारलं, तर मी त्यांचंच नाव घेईन.

कोच उंचीला कमीच होते. मान जाड, नाक दोनदा मोडून एका बाजूला बसलेलं. उजव्या हाताची बोटं अशी वाकडी, की हस्तांदोलन करताना झाडाची मुळं हातात घेतल्यासारखं वाटायचं. तरुणपणी तेही कॅचर होते. शाळेत ते इतिहास शिकवायचे म्हणे, पण ओजस सांगायचा की वर्गातसुद्धा ते फक्त लढाया शिकवतात, तहांचे धडे वाचून या म्हणतात.

ते या शाळेत आले तेव्हा आजूबाजूला कापसाची शेतं होती आणि शाळेला टीमच नव्हती. त्यांनी पहिल्या वर्षीच्या पोरांकडून जमिनीतले दगड वेचून घेतले, स्वतः माती आणून पिचरचा उंचवटा बांधला, आणि काही वर्षांत ती शाळा राज्यात पहिली आली. मग येतच राहिली. पुढे शेतं गेली, चिपचे कारखाने आले, आमच्यासारखे इंजिनिअर आले, घरांच्या किमती चढल्या. ते मैदान मात्र होतं तसंच राहिलं. ऑफिसबाहेरच्या कपाटात चषक मावेनात म्हणून काही जमिनीवर ठेवलेले असत. मुलांना त्या खेळावर कॉलेजची स्कॉलरशिप मिळायची. या भागात घर घेताना लोक त्या शाळेची हद्द बघून घेत. आम्हीही तसंच घेतलं होतं.

दर मोसमाच्या सुरुवातीला जुने खेळाडू जाळीपाशी येऊन उभे राहायचे. टक्कल पडलेले, पोट सुटलेले. कुणाचा दात नाही, कुणाचं बोट सरळ होत नाही. "हे कोचच्या दुसऱ्या वर्षीचं," असं म्हणत ते एकमेकांना खुणा दाखवायचे आणि हसायचे. मला पहिल्यांदा ते हसू कळलंच नाही.

पालकांच्या पहिल्या मीटिंगला कोच पाच मिनिटंच बोलले. "तुमच्या मुलांना चेंडूची भीती वाटते. ती मी काढणार. ती काढताना ज्यांना बघवणार नाही त्यांनी मुलाला टेनिसला घालावं." मग त्यांनी विचारलं, स्कोअर लिहायला कोण येईल? कुणी हात वर करेना. नागपूरला युनिव्हर्सिटीच्या मॅचेसना मी क्रिकेटचा स्कोअर लिहायचो, तेवढ्या भांडवलावर मी हात वर केला. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बुक' म्हणायला लागले. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण त्यांच्या तोंडून मला ते कायम 'तू'च ऐकू आलं.

भीती ते कशी काढायचे ते मी बाकाच्या टोकाला बसून पाहिलं. पहिल्या सरावाला नवी मुलं एकेक करून पुढे यायची, हात पाठीमागे बांधून कूस पुढे करून उभी राहायची, आणि कोच दहा पावलांवरून चेंडू त्यांच्या मांडीवर मारायचे. खरा, कडक चेंडू. आवाज ओल्या कपड्यावर धोपाटणं आपटावं तसा यायचा. कुणी ओरडलं तर काही म्हणायचे नाहीत. कुणी हललं तर पुन्हा मारायचे. "चेंडू तुला ओळखत नाही," ते सांगायचे. "तू चांगला मुलगा आहेस हे त्याला माहीत नाही. त्याच्याकडे दया मागू नकोस."

सगळ्यांचं झालं की ते टोपी काढायचे, त्याच जागी स्वतः उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही." मुलं एकेक करून त्यांना चेंडू मारायची. ओजसने हळू मारला. त्यांनी चेंडू उचलून त्याला परत दिला. "हा माझा अपमान आहे. पुन्हा." ओजसने जोरात मारला. चेंडू बरगडीवर बसला. कोचच्या घशातून हुंकार निघाला, पण पाय हलले नाहीत. सराव संपल्यावर ते शर्ट बदलत होते तेव्हा मी त्यांची कूस पाहिली. नवे निळे डाग जुन्या पिवळ्या डागांवर चढले होते.

घरी अनघाने ओजसची मांडी पाहिली आणि ताट आपटलं. "हे शिकवतात? मी उद्या शाळेत जाते."

"आई, नो! प्लीज!" ओजस ओरडला. "एव्हरीबडी हॅज इट." तो ती जागा फोनवर मित्रांना दाखवत होता. त्याआधी दोन वर्षं त्याला शाळेत एकही मित्र नव्हता. अनघा गेली नाही. मीही तिला जा म्हणालो नाही.

याच कोचनी मातेओला वाचवलं होतं. तो नववीत होता तेव्हाची गोष्ट. सरावानंतर मुलं शर्ट काढत होती. कोच त्याच्यापाशी थांबले आणि त्याच्या पाठीवरचे वळ बघत राहिले.

"हे चेंडूचे नाहीत," ते म्हणाले.

मातेओने घाईघाईने शर्ट परत चढवला.

"पट्टा?"

तो जमिनीकडे बघत राहिला. कोचनी मला खूण केली आणि म्हणाले, "बुक, गाडी चालव. मला चालवता येणार नाही." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, ते मातेओच्या आईशी बोलतील, फार तर पोलिसांना बोलावतील. आम्ही त्या घरासमोर थांबलो. कोच उतरले, दार वाजवलं. मातेओच्या आईचा नवरा बाहेर आला, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. कोचनी त्याला एक शब्दही विचारला नाही. त्यांनी त्याला शर्टाला धरून पायरीवरून खाली ओढलं, अंगणातल्या खडीवर पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला आणि त्याचा उजवा हात मागे वळवला. काडकन आवाज आला. तो मला गाडीच्या काचेआडून ऐकू आला. तो माणूस किंचाळत होता आणि कोच त्याच्या कानाशी वाकून शांतपणे काहीतरी सांगत होते. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. 

मातेओ पुढची वर्षं कोचच्या घरी राहिला. कोच एकटेच असत, बायको कधीच सोडून गेली होती. त्यांनी त्याला स्वयंपाक शिकवला, गाडी शिकवली, त्याच्या गणितासाठी त्याला आमच्याकडे पाठवलं. अनघाने दिलेली पोळी तो गुंडाळून उभ्याउभ्या खायचा आणि "थँक यू, काकू" म्हणायचा. तो शब्द ओजसने त्याला शिकवला होता. कोचनी सांगितलं असतं तर त्या मुलाने पेटत्या घरात उडी घेतली असती. ते मला तेव्हा फार छान वाटायचं.

ओजस बारावीत असतानाची सेमीफायनल. समोर पलीकडच्या नव्या उपनगरातली शाळा, पैशाने आणि मुलांनी भरलेली. आदल्या वर्षी त्यांनी आम्हाला हरवलं होतं. कोचना त्यानंतर शाळेत कुणी काही बोललं नव्हतं, पण त्यांनी स्वतःच बोलणं सोडलं होतं. त्या टीममध्ये कोल नावाचा एक डावखुरा मुलगा होता. त्याने त्या दिवशी मातेओचे दोन चेंडू मैदानाबाहेर घालवले. मग त्यांच्या पिचरने आमच्या एका मुलाच्या बरगडीत चेंडू मारला. मुद्दाम की चुकून, देव जाणे.

या खेळात त्याचं उत्तर द्यायची एक रीत आहे. कोचही ती पाळायचे. एकाला एक, मांडीवर किंवा ढुंगणावर, आणि विषय संपला. मी त्यांच्या पुस्तकात अशा किती नोंदी केल्या होत्या. पण त्या दिवशी आमची मुलं मैदानात जायला निघाली तेव्हा कोच ओजससमोर उकिडवे बसले. मी दोन हातांवर होतो. त्यांनी ओजसची छातीवरची ढाल पकडून त्याला जवळ ओढलं.

"कोल आला की ग्लोव्ह वर धर. कानाखाली."

ओजस म्हणाला, "कोच?"

"ऐकलंस ते. मातेओ ग्लोव्ह बघून टाकतो. तू फक्त धर."

ओजसने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं.

कोल आला. ओजस त्याच्या मागे बसला. पहिला चेंडू बाहेरून गेला. दुसऱ्या चेंडूला ओजसने ग्लोव्ह हळूहळू वर नेला, कोलच्या खांद्याच्याही वर, आणि तिथे धरला. मातेओने एकदा बाकाकडे पाहिलं. कोच हलले नाहीत.

हेल्मेट कान झाकतं, गाल झाकत नाही. आवाज टणक आला, म्हणून क्षणभर मला वाटलं की चेंडू बॅटला लागला. मग कोल गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी चेहरा धरून, आणि बोटांच्या फटींतून रक्त मनगटांवर, तिथून कोपरांवर आणि मातीत पडायला लागलं. तो ओरडत नव्हता. "मला दिसत नाही, मला दिसत नाही" एवढंच म्हणत होता, अगदी साध्या आवाजात. प्रेक्षकांतून त्याचे वडील जाळीवर चढून आत उतरले. काँक्रीटचा ट्रक चालवणारा दांडगा माणूस, मिस्टर डॉयल. ते मुलाला उचलायला वाकले आणि कुठे हात लावावा तेच त्यांना कळेना.

अंपायरने मातेओला बाहेर काढलं. आम्ही ती मॅच जिंकलो. मी तेही लिहिलं.

कोलच्या गालाचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. उजव्या डोळ्याची नजर आली नाही. शाळांच्या मंडळाने चौकशी बसवली, आणि बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना बोलावलं. मलाही.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी कोच आमच्या घरी आले. चार वर्षांत पहिल्यांदाच. अनघाने चहा विचारला, ते नको म्हणाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टोपी हातात फिरवत दारातच उभे राहिले.

"बुक, त्या बाकावर गोंगाट फार असतो," ते म्हणाले. "कुणाला काय ऐकू येतं, सांगता येत नाही."

मी दाराची मूठ धरून उभा होतो.

"मातेओला कॉलेजने जागा दिली आहे. ओजसलाही मिळेल. पोरांचं आयुष्य आहे." मग टोपी डोक्यावर घालत, "आणि त्या मैदानाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नाही."

ते गेल्यावर अनघा म्हणाली, "तू काय सांगणार आहेस?"

"ओजसचा ग्लोव्ह होता, अनघा. मी खरं सांगितलं तर त्याचं काय होईल?"

जिन्यावर ओजस उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मातेओ म्हणाला, हात घसरला. कोच म्हणाले, पिचरचा हात घसरतो कधीकधी. मी म्हणालो, मी पुस्तकात बघत होतो, मला काही ऐकू आलं नाही. तीन माणसं टेबलाच्या पलीकडे बसली होती. त्यांतल्या बाईने माझे आभार मानले. माझ्यानंतर ओजस आत गेला. मी बाहेर बाकावर बसून घड्याळ बघत होतो. पाच मिनिटांचं काम होतं. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता.

"मी सांगितलं," तो मराठीतच म्हणाला. एरवी तो मला नेहमी इंग्रजीतच उत्तर द्यायचा. "सगळं सांगितलं. तू ऐकलं होतंस हेपण."

दोन दिवसांनी शाळेच्या पार्किंगमध्ये मातेओने ओजसला गाठलं. त्याने त्याचं नाक मोडलं, खाली पाडून पोटात लाथा घातल्या, आणि रडत रडत विचारत राहिला, "व्हाय? ही'ज माय डॅड, मॅन. ही'ज माय डॅड." ओजसने हात उचलला नाही, आणि नंतर कुणाला नावही सांगितलं नाही. मला ते कळलं एका पालकाकडून, आणि तो पालक ते सांगताना ओजसच्या बाजूने नव्हता. कोचना काढून टाकलं. मातेओची जागा गेली. आमच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी रंगाने घाणेरडं लिहून ठेवलं. किराण्याच्या दुकानात ओळखीचे लोक अनघाला बघून दुसऱ्या रांगेत जायचे. ओजसने ग्लोव्ह कपाटात टाकला आणि पुन्हा कधी हातात घेतला नाही. मी त्याची माफी मागितली. "इट्स ओके, बाबा," तो म्हणाला, पण त्याने पूर्ण उन्हाळाभर माझ्याकडे सरळ पाहिलं नाही.

जूनमध्ये शाळा बंद झाल्यावर मी चार वर्षांची स्कोअरची पुस्तकं परत द्यायला गेलो. ऑफिसात ठेवून निघून येईन असं ठरवलं होतं. पार्किंगमध्ये एकच ट्रक उभा होता, आणि कोच खोकी आणून त्यात ठेवत होते. ऊन असं होतं की डांबर बुटांना चिकटत होतं. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, आणि पुढचं खोकं उचललं.

तेवढ्यात मिस्टर डॉयलची गाडी आली. ते कोचची वाट बघत थांबलेही असतील, माहीत नाही. ते उतरले आणि चालत आले. न बोलता त्यांनी कोचच्या तोंडावर ठोसा मारला. खोकं पडलं, चषक डांबरावर घरंगळले. दुसरा ठोसा कानावर बसला. कोच ट्रकवर आदळले. मला वाटलं ते आता खाली बसतील, साठीच्या पुढचा माणूस. पण त्यांचं अंग स्वतःहूनच वळलं. त्यांनी खालून दोन आखूड ठोसे मारले, एक पोटात, एक नाकावर, आणि तो दांडगा माणूस गुडघ्यांवर आला. कोचनी डाव्या हाताने त्यांची कॉलर धरली आणि उजवा हात मागे नेला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते काम करत होते.

मी पुस्तकं टाकून तो हात धरला. त्यांनी झटका दिला, कोपर माझ्या तोंडावर बसलं, जिभेवर खारट चव आली. "अहो, पुरे!" मी मराठीत ओरडलो. "पुरे झालं! सोडा त्यांना!"

कदाचित ती भाषा ऐकून ते थांबले असतील. मिस्टर डॉयल तसेच गुडघ्यांवर होते. नाकातलं रक्त हनुवटीवरून खाली पडत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"माझा मुलगा पाणी ओततो ना," ते म्हणाले, "तर ते ग्लासच्या बाहेर पडतं. एका डोळ्याने अंतर कळत नाही. मग तो टेबल पुसतो आणि मला सॉरी म्हणतो. रोज. मला सॉरी म्हणतो."

कोचची मूठ सुटली. मग कॉलर सुटली. ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ त्या माणसाकडे बघत राहिले.   

मग ते माझ्याकडे वळले.

"ओजसला सांग," ते म्हणाले. ओठ सुजल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "ग्लोव्ह मी धरला होता. त्याने नाही. मी. त्याला हे रोज सांग."

"आणि मातेओला?"

त्यांनी मान खाली घातली. "त्याच्याशी मी बोलेन. तो दार उघडेल तेव्हा."

ते उठले. त्यांनी चषक उचलले नाहीत, खोकी ट्रकवर चढवली नाहीत. ट्रकचं दार उघडं होतं, किल्ली आतच होती, आणि गाडी आपली टिंग टिंग वाजत होती. ते ट्रकच्या बाजूने गेले आणि चालत फाटकाबाहेर पडले. तिथून पुढे फुटपाथसुद्धा नाही. नुसता रस्ता, आणि दोन्ही बाजूंना तापलेली खडी. डोक्यावर टोपी नव्हती. शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा काळा डाग होता. ते मागे वळले नाहीत. उन्हात त्यांची आकृती थरथरत लहान लहान होत गेली.

मी माझी पाण्याची बाटली मिस्टर डॉयलना दिली. त्यांनी थोडं तोंडावर मारलं, थोडं प्यायलं. मग ते उठले, लंगडत कोचच्या ट्रकपाशी गेले, आणि त्यांनी ते दार बंद केलं.